गोळीचे नाव आणि गोळीची हमी

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांसाठी एक नियमावली प्रसिद्ध केली. चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ नाव, म्हणजे प्रचलित भाषेत जेनेरिक नाव लिहावे, असा दंडक तीत होता आणि तो मोडणाऱ्यावर कारवाईची तरतूदही होती. डॉक्टरांच्या संघटनांनी काहूर उठविले आणि तीन आठवड्यांनी, २३ ऑगस्ट रोजी, ती नियमावली स्थगित झाली. या गदारोळात एका पक्षाने सांगितले की, स्वस्त औषधातच गरिबाचे हित आहे. दुसऱ्या पक्षाने सांगितले की, हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी परतले. ज्या प्रश्नावरून वाद पेटला तो प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला. एकाच नावाच्या, पण निरनिराळ्या कारखान्यांतून आलेल्या गोळ्या खरोखर सारख्या असतात काय?

अकोला-वाशीम रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पातूरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न परिषदांतील चर्चेपुरता राहत नाही. रक्तदाब आणि मधुमेह हे आता शहरी सुखवस्तूंचे विकार उरलेले नाहीत. शेतमजूर, निवृत्त शिक्षक, पंचायत समितीतील कारकून यांच्या घरीही बीपीची आणि शुगरची गोळी रोजच्या मिठासारखी आली आहे. अकोल्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहिलेले नाव गावच्या मेडिकलमध्ये असेलच असे नाही. मग ‘तेच आहे, घेऊन जा,’ असे म्हणून दुसरीच पट्टी हाती पडते. वास्तविक अनुसूची ‘एच’मधील औषधांच्या बाबतीत लिहिलेल्या औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे उत्पादन देण्याचा अधिकार कायद्याने विक्रेत्याला दिलेला नाही. तरीही हे सर्रास घडते, आणि कधी महागडे औषध देऊन घडते तर कधी स्वस्त देऊन. ज्याच्या वाट्याला महाग गोळी येते तो महिन्याच्या विसाव्या-बाविसाव्या दिवशी ती बंद करतो. ज्याच्या वाट्याला स्वस्त येते तो मनात किंतु बाळगून ती घेतो आणि पहिल्याच डोकेदुखीला तिला बोल लावतो. औषध अर्धवट सुटण्याचा परिणाम दोघांच्याही बाबतीत सारखाच भयंकर असतो.

मूळ नाव आणि व्यापारी नाव

या विषयातील निम्मा गोंधळ शब्दांमुळे झालेला आहे. पाश्चात्य देशांत ब्रँड म्हणजे शोध लावणाऱ्या कंपनीचे औषध आणि जेनेरिक म्हणजे पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनी बनविलेले तेच औषध. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधद्रव्याला पेटंट न देता फक्त ते बनविण्याच्या प्रक्रियेला दिले आणि २००५ पर्यंत ही व्यवस्था टिकली. त्यामुळे भारतीय कंपन्यांना तेच द्रव्य वेगळ्या रीतीने बनविण्याची मोकळीक मिळाली आणि पाहता पाहता देश औषधांच्या बाबतीत स्वावलंबी झाला. मुंबईत १९३५ साली स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले, तेव्हा पाश्चात्य कंपन्यांच्या त्याच औषधोपचाराचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. आफ्रिकेतील लक्षावधी माणसे त्या किंमतफरकाने जगली. जेनेरिक औषधाला कमअस्सल समजणाऱ्याने हा इतिहास एकदा आठवावा.

अर्थात, या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. आपल्या बाजारात ज्याला ‘ब्रँडेड’ म्हणून मान मिळतो तो बहुतांशी जेनेरिक मालच असतो; केवळ त्याला कंपनीने स्वतःचे नाव दिलेले असते. एकाच द्रव्याची अशी शेकडो नावे दुकानाच्या फळ्यांवर ओळीने बसलेली असतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत पाहिले तर बनविणारा एक आणि विकणारा दुसराच असे पुष्कळदा आढळते. हिमाचल प्रदेशातील बद्दी येथे किंवा अन्यत्र एकाच कारखान्यात अनेक नामांकित कंपन्यांचा माल तयार होतो. तेव्हा ‘ब्रँड चांगला की जेनेरिक चांगले’ हा प्रश्न आपल्याकडे ज्या स्वरूपात विचारला जातो, त्या स्वरूपात त्याला फारसा अर्थच उरत नाही. विचारायचे ते असे की, ही गोळी कोणत्या कारखान्यात, कोणत्या बॅचमध्ये बनली आणि ती कोणी तपासली?

शास्त्र काय सांगते

गोळीत औषधद्रव्य असते तसेच ते बांधून ठेवणारे, फुगविणारे, विरघळू देणारे इतर पदार्थही असतात. द्रव्य तेच आणि तेवढेच असले, तरी गोळी पोटात किती वेगाने विरघळते आणि रक्तात किती उतरते, हे या इतर पदार्थांवर व बनविण्याच्या रीतीवर अवलंबून असते. याचे दोन जुने दाखले औषधशास्त्रात प्रसिद्ध आहेत. १९६८ साली ऑस्ट्रेलियात अपस्मारावरील फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील भराव बदलण्यात आला. कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातले गेले. औषध तेच, मात्रा तीच. पण ते रक्तात अधिक उतरू लागले आणि रुग्णांना विषबाधेची लक्षणे दिसू लागली. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत हृदयविकारावरील डिगॉक्सिनच्या निरनिराळ्या उत्पादनांची तुलना झाली, तेव्हा रक्तातील प्रमाणात सात पटींपर्यंत तफावत आढळली. एवढेच नव्हे, तर एकाच कारखान्याच्या दोन बॅचमध्येही फरक निघाला. ‘सर्व गोळ्या सारख्याच’ असे डोळे मिटून सांगणाऱ्यांनी हे दोन दाखले विसरून चालणार नाही.

तथापि, शास्त्र तेथेच थांबले नाही. या अनुभवांतूनच जैव-समतुल्यतेची चाचणी रूढ झाली. मूळ औषध आणि त्याची प्रतिकृती निरोगी माणसांना देऊन दोन्ही रक्तात किती व किती वेगाने उतरतात हे मोजायचे, अशी ही चाचणी आहे. तीतील ‘८० ते १२५ टक्के’ ही मर्यादा पुढे करून जेनेरिक गोळीत वीस टक्के औषध कमी असू शकते, असे अनेक सुशिक्षितही सांगतात. तो गैरसमज आहे. ही मर्यादा गोळीतील द्रव्याच्या प्रमाणाला लागू नसून चाचणीतून निघालेल्या सरासरीच्या संख्याशास्त्रीय अनिश्चिततेला लागू आहे. त्या अनिश्चिततेचा सारा पट्टा या दोन आकड्यांच्या आत बसला तरच औषध उत्तीर्ण होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातील २,०७० चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा रक्तात उतरलेल्या एकूण औषधातील सरासरी फरक अवघा साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हृदयविकारावरील औषधांचे ४७ अभ्यास एकत्र तपासले गेले. ब्रँडेड औषधाने रुग्णाचे अधिक भले होते असा पुरावा त्यांत मिळाला नाही. मौजेची गोष्ट म्हणजे, त्याच काळातील वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकीयांपैकी निम्म्याहून अधिकांनी मात्र जेनेरिकविषयी नापसंतीच व्यक्त केली होती. पुरावा एकीकडे आणि मत दुसरीकडे, हा प्रकार केवळ आपल्याच देशात घडतो असे नाही.

अपवाद आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. नैराश्यावरील ब्युप्रोपिऑन या औषधाची ३०० मिलिग्रॅमची एक दीर्घप्रभावी जेनेरिक गोळी अमेरिकेत २०१२ मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली. कारण तिला मान्यता देताना प्रत्यक्ष चाचणी १५० मिलिग्रॅमच्या गोळीची झाली होती आणि मोठी गोळी तशीच वागेल असे गृहीत धरले गेले होते. अपस्मार, थायरॉईड, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन यांसारख्या औषधांत उपयोग व अपाय यांतील अंतर फार थोडे असते. अशा रुग्णाने दर महिन्याला उत्पादक बदलणे इष्ट नाही. मग तो एका ब्रँडवरून दुसऱ्या ब्रँडवर गेला तरी धोका तोच! येथे महत्त्व सातत्याला आहे. किमतीचा त्याच्याशी संबंध नाही.

आपल्याकडील फट

पाश्चात्य अनुभवाचा हा दिलासा भारतीय रुग्णाला जसाच्या तसा देता येतो काय? येथे थोडे थांबावे लागते. आपल्या नियमांनुसार नव्या औषधाला पहिली मान्यता केंद्रीय यंत्रणेकडून मिळते. परंतु चार वर्षे उलटली की ते ‘नवे’ राहत नसे आणि त्यानंतर येणाऱ्या उत्पादकाला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून, जैव-समतुल्यतेची चाचणी न देताही, परवाना मिळू शकत असे. विरघळण्यास कठीण अशा औषधवर्गांसाठी ही चाचणी सक्तीची करण्यात आली ती एप्रिल २०१७ मध्ये. त्यापूर्वी परवाने मिळालेली असंख्य उत्पादने बाजारात आहेत. त्यांत उत्तम माल पुष्कळ आहे. पण तो उत्तम आहे हे कागदावर दाखविणारा पुरावा प्रत्येकापाशी नाही. आणि ही गोष्ट स्वस्त जेनेरिकला जेवढी लागू आहे तेवढीच चकचकीत वेष्टनातल्या ब्रँडलाही लागू आहे, हे विसरता कामा नये.

प्रत्यक्ष बाजारात काय आढळते? केंद्र सरकारने २०१४ ते २०१६ या काळात देशभर औषधांचे सर्वेक्षण करविले; सुमारे ४७ हजार नमुने तपासले गेले. दुकानांतील मालात सुमारे तीन टक्के नमुने अप्रमाणित निघाले; सर्वस्वी बनावट माल दहा हजारांत दोन-तीन इतकाच होता. सरकारी पुरवठ्यातील नमुन्यांत मात्र अप्रमाणित मालाचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले. म्हणजे ज्याच्यापाशी पर्याय नाही, जो सरकारी दवाखान्याच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहतो, त्याच्या वाट्याला निकृष्ट गोळी येण्याचा संभव तिप्पट! सरासरीने समाधान मानणाऱ्यांनी या आकड्यापुढे मान खाली घातली पाहिजे.

विदर्भाने याचे प्रत्यंतर घेतले आहे. २०२३ साली नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळीत औषधच नसल्याचे सरकारी प्रयोगशाळेत उघड झाले, आणि वेष्टनावर ज्या कारखान्याचे नाव होते तो कारखानाच अस्तित्वात नव्हता. नमुना घेतल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत वर्ष सरत आले होते. तेवढ्या काळात त्या गोळ्या कोणाकोणाच्या पोटात गेल्या, याचा हिशेब कोण देणार?

परंतु एवढ्यावरून ‘पाहा, जेनेरिक म्हणजे असेच’ असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या ‘कोल्ड्रिफ’ औषधाला व्यापारी नाव होते, डॉक्टरांची चिठ्ठी होती. फक्त आत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. हेच विष जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनच्या रूपाने आले होते आणि १४ रुग्णांचा बळी घेऊन गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणात खरेदीपासून परवान्यापर्यंतची सडलेली साखळी उघडी केली. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. त्या दुर्घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष तशाच ढिलाईतून पुन्हा मुलांच्या चमच्यात उतरते, याचा अर्थ धडा कागदावर राहिला. दोन्ही घटनांत नाव कोणते होते याला महत्त्व नाही. तपासायला हवे होते ते तपासले गेले नाही, एवढेच दोहोंतील साम्य.

न दिसणाऱ्या गुणाचा बाजार

अर्थशास्त्राच्या दृष्टीने औषध ही एक विलक्षण वस्तू आहे. खाणारा ती निवडत नाही; निवडणारा तिचे पैसे देत नाही; आणि खाल्ल्यानंतरही तिचा गुण खाणाऱ्याला नीट कळत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला देऊन दाखविले की, विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते तेव्हा वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. या सिद्धांतासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. गुण दिसत नसेल तर ग्राहक किमतीलाच गुण समजू लागतो. ‘महाग आहे, म्हणजे चांगले असेल’ हा समज या अगतिकतेतून जन्मतो.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. कपाशीचे वा सोयाबीनचे बी पिशवीत असते तेव्हा ते उगवेल की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. दिसते तेव्हा मृग निघून गेलेला असतो. म्हणूनच १९६६ चा बियाणे कायदा झाला, प्रमाणीकरणाची यंत्रणा उभी राहिली आणि १९७६ साली अकोल्यात महाबीज स्थापन झाले. पिशवीला लावलेला निळा टॅग सांगतो की, या बियाण्याची उगवणशक्ती कोणीतरी तटस्थाने तपासलेली आहे. व्यवस्थेत दोष आहेत आणि बोगस बियाण्याचा फटका दरवर्षी कोणाला ना कोणाला बसतो, हे खरेच. पण तत्त्व निर्विवाद आहे. जो गुण ग्राहकाला दिसत नाही, त्याची हमी तिसऱ्याने, उघडपणे आणि लॉटगणिक द्यावी लागते. बियाण्याच्या बाबतीत मान्य केलेले हे तत्त्व गोळीच्या बाबतीत आपण अद्याप नीट अमलात आणलेले नाही.

सरकारी हमी दुबळी असते तेथे खाजगी हमीला भाव येतो. ब्रँड म्हणजे हीच खाजगी हमी होय. मोठी कंपनी आपल्या नावाला जपते, या विश्वासावर डॉक्टर ते नाव लिहितो. त्याच्या लेखणीमागे कंपन्यांच्या भेटवस्तू असतात हा आरोप काहींच्या बाबतीत खरा असेल. परंतु अनेक सचोटीचे डॉक्टरही ब्रँड सोडायला धजत नाहीत. मूळ नाव लिहिले की उत्पादकाची निवड आपल्या हातून जाऊन दुकानदाराच्या हाती जाते आणि तो अधिक नफ्याचा माल देतो, ही त्यांची भीती निराधार नाही.

कारण स्वस्त गोळीचा स्वस्तपणा ग्राहकापर्यंत पोचतोच असे नाही. दिल्लीतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच औषधे घेतली. प्रत्येक औषधाची एकाच कंपनीने जाहिरातीने खपविलेली आवृत्ती आणि थेट व्यापाऱ्याला विकलेली आवृत्ती अशी तुलना केली. गुणवत्तेच्या कसोटीला दोन्ही उतरल्या. दुकानदाराचा नफा मात्र पहिलीवर २५ ते ३० टक्के, तर दुसरीवर २०१ पासून १,०१६ टक्क्यांपर्यंत! स्वस्तात घेतलेल्या मालावर छापील किंमत मोठी असते आणि त्या किमतीच्या आड सवलत दिल्याचा आव आणता येतो. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने यादीतील औषधांना कमाल किंमत व १६ टक्के किरकोळ नफा ठरवून दिला. यादीबाहेरच्या औषधांवर मात्र वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढ करू नये एवढेच बंधन आहे, सुरुवातीच्या किमतीला बंधन नाही. म्हणजे गुणवत्ता तीच असूनही महाग ब्रँडमध्ये रुग्णाचा पैसा जाहिरातीवर जातो आणि ‘स्वस्त’ जेनेरिकमध्ये तो मधल्यांच्या नफ्यावर जातो. दोन्हीकडून कापला जातो तो रुग्णच.

नाव बदलण्याचे जुने प्रयोग

केवळ नाव बदलून हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्येच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती. १९८१ मध्ये ॲस्पिरिन, ॲनालजिन यांसह पाच औषधांपासून प्रारंभ करण्याचे ठरले. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि तो बेत बारगळला. २०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहिण्याचे कलम अधिक ठाशीव करण्यात आले. ते पाळले गेले नाही. २०२३ च्या नियमावलीचे काय झाले ते वर आलेच आहे. जवळजवळ अर्धशतकात एकच उपाय पुन्हा पुन्हा योजावा आणि प्रत्येक वेळी तो फसावा, याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. खाजगी हमी काढून घ्यायची, पण तिच्या जागी सार्वजनिक हमी उभी करायची नाही, असा हा उफराटा क्रम आहे. आधी तपासणी, मग नाव, असा क्रम लावला असता तर डॉक्टरांच्या विरोधाला आधारच उरला नसता.

दुसरा मार्ग व्यवहार्य असल्याचे दाखलेही देशातच आहेत. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापिले. मूळ नावानेच खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आणि दवाखान्यात माल जाण्यापूर्वी बॅचची प्रयोगशाळेत तपासणी, ही त्याची पद्धत. राजस्थानने २०११ पासून तोच कित्ता गिरवीत मोफत औषधयोजना चालविली. केंद्राची जनऔषधी योजना २००८ साली सुरू झाली. तिच्या दुकानांची संख्या २०२५ च्या आरंभी १५ हजारांवर गेली आणि तेथील औषधे बाजारभावापेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. तिचाही प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा दंडक आहे. त्यातूनही काही बॅचेस अप्रमाणित ठरल्या आहेत. परंतु त्या ठरल्या हे कळले, ही तपासणीचीच करामत म्हणावी लागेल. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण केले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. मोफत गोळीची किंमत शून्य असली तरी तिच्या गुणाची जबाबदारी शून्य होत नाही. उलट ती दुप्पट होते.

काय करावे लागेल

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्येच सांगून ठेवले आहे की, दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० दुकानांमागे एक औषध निरीक्षक हवा. हे प्रमाण गाठणे ही पहिली पायरी. सरकारी खरेदीतील प्रत्येक बॅच दवाखान्यात पोचण्यापूर्वी तपासली जावी आणि अहवाल आठवड्यांत यावा, ही दुसरी; वर्षाने आलेला अहवाल म्हणजे केवळ शवविच्छेदन. अप्रमाणित मालाच्या याद्या केंद्रीय यंत्रणा दरमहा प्रसिद्ध करते. त्या मराठीतून, बॅच क्रमांकासह तालुक्याच्या दवाखान्याच्या फलकावर लागाव्यात. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडांवर ओळख पटविणारे क्यूआर चिन्ह सक्तीचे झाले आहे. ते सर्व औषधांवर का नसावे? २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका यादीत नामांकित ब्रँड झळकले, तेव्हा कंपन्यांनी ‘तो माल आमचा नव्हेच, बनावट आहे’ असा खुलासा केला. खुलासा खरा मानला, तर नामांकित नावाचीच नक्कल होते हे सिद्ध झाले. म्हणजे नावाची हमी तेथेही अपुरीच पडली. शेवटी, यादीबाहेरच्या औषधांवरील नफ्याला वाजवी मर्यादा घातल्याखेरीज स्वस्त माल स्वस्तात मिळणार नाही.

हे सर्व शासनाने करावयाचे. दरम्यान रुग्णाने काय करावे? पक्के बिल घ्यावे आणि त्यावर बॅच क्रमांक आहे ना, हे पाहावे. अपस्मार, थायरॉईड किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर एकाच उत्पादकाची घ्यावी आणि बदलावी लागली तर डॉक्टरांना सांगावे. रक्तदाब-मधुमेहाची जेनेरिक गोळी स्वच्छ मनाने घ्यावी. तिचा गुण अंदाजाने न ठरविता रक्तदाब मोजून, साखर तपासून ठरवावा. गोळी बदलल्यावर आकडा बिघडला तर ती नोंद डॉक्टरांपर्यंत पोचली पाहिजे. गावातील शिक्षकाने घरच्या वडीलधाऱ्यांची पट्टी वाचून दाखवावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने बनविणारा कोण आणि विकणारा कोण हे शोधावे. कार्यालयातील कारकुनाने वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती मागताना मूळ नावाच्या औषधालाही तेवढाच मान द्यावा. या लहान गोष्टींनी बाजार सुधारत नाही; परंतु ग्राहक डोळस झाला की बाजाराला अंधाराचा फायदा घेणे अवघड जाते.

गोळ्यांत फरक असतो काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की, नीट तपासलेल्या गोळ्यांत रुग्णाला जाणवेल असा फरक सहसा नसतो, आणि न तपासलेल्या गोळ्यांविषयी, त्यांचे नाव कितीही मोठे असले तरी, काहीच सांगता येत नाही. मुंबईच्या बड्या इस्पितळातील श्रीमंत रुग्ण नावासाठी पैसे मोजून मनाची समजूत घालू शकतो. पातूरच्या मजुराला ते परवडत नाही. त्याला परवडणारी एकच हमी आहे. ती शासनाच्या प्रयोगशाळेतून यावयाची असते आणि तिचे पैसे त्याने मीठमिरचीवरील करांतून केव्हाच भरलेले आहेत. त्याला ती मिळालीच पाहिजे.